अँटिव्हायरस कसा पारखायचा?

घरच्या कॉम्प्युटरसाठी अँटिव्हायरस विकत घेणाऱ्यापुढे एक अडचण असते, जी पंखा घेणाऱ्यापुढे नसते. पंख्याचा वारा लागतो की नाही हे पहिल्याच दिवशी कळतं. अँटिव्हायरस घेतला आणि वर्षभर काही बिघडलं नाही, तर ते त्याच्यामुळे की मुळात काही आलंच नव्हतं म्हणून, हे सांगायला काही मार्ग नाही. आणि बिघडलंच, तर दुसऱ्या कंपनीचा असता तर वाचलो असतो का, हेही कळत नाही. वापरून झाल्यावरसुद्धा ज्याचा दर्जा ग्राहकाला ठरवता येत नाही, अशा मालाचा अर्थशास्त्रात वेगळा वर्ग मानला जातो. अशा बाजारात ग्राहक केवळ विश्वासावर पैसे मोजतो, आणि आपण काम करतो आहोत हे विक्रेत्याला सतत दाखवत राहावं लागतं. अँटिव्हायरसबद्दल घरगुती ग्राहकांच्या ज्या नेहमीच्या तक्रारी आहेत, म्हणजे सारख्या उघडणाऱ्या सूचना, न विचारता कापलेले रिन्युअलचे पैसे, नको असताना गळ्यात पडलेल्या जादा सोयी, त्यांचं मूळ मला इथे दिसतं. म्हणून ‘हा किती व्हायरस पकडतो’ या प्रश्नाच्या आधी ‘हा आपल्याशी वागतो कसा’ हा प्रश्न यायला हवा, असं मी मानतो.

अँटिव्हायरसची गरज कुणी बनवून सांगितलेली नव्हती. १९८६ साली लाहोरमधल्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो. फ्लॉपीतून फ्लॉपीत उतरत तो जगभर पोचला. आपल्याकडचा सगळ्यांत ओळखीचा अँटिव्हायरस तर दुरुस्तीच्या टेबलावरच जन्मला. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या मशिनमध्ये व्हायरस सापडू लागले, ते काढण्याची साधनं धाकटे भाऊ संजय यांनी लिहिली, आणि १९९५ मध्ये त्यातून क्विक हील बाजारात आला. त्या काळी ग्राहकाला काम डोळ्यांसमोर दिसत असे. मशिन बंद पडलेलं असे आणि साफ होऊन चालू होई. पुढे पेन ड्राइव्हच्या दिवसांतही तेच. झेरॉक्सच्या दुकानातून किंवा सायबर कॅफेतून आणलेला पेन ड्राइव्ह लावला की फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसत आणि खऱ्या फायली लपून बसत. अँटिव्हायरस चालवला की त्या परत दिसू लागत. माल पारखता येत होता, म्हणून त्यावरचा विश्वासही रास्त होता.

मग दोन गोष्टी बदलल्या. पेन ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू करण्याची विंडोजची सवय हा संसर्गाचा एक मोठा रस्ता होता. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टासाठी ती सवय मोडणारा अपडेट सर्वांकडे पाठवला. त्या रस्त्याने होणारा संसर्ग बराच घटल्याचं कंपनीने त्याच वर्षी जाहीर केलं. म्हणजे पकडापकडी वाढवून जे साधत नव्हतं, ते दारच बंद करून पुष्कळसं साधलं. दुसरा बदल म्हणजे २०१२ च्या विंडोज ८ पासून पूर्ण अँटिव्हायरस विंडोजमध्येच आला, वेगळे पैसे न घेता. सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचं या कामातलं नाव फारसं चांगलं नव्हतं. जर्मनीतल्या मॅग्डेबुर्गच्या एव्ही-टेस्ट या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये कंपनीच्या तेव्हाच्या मोफत अँटिव्हायरसला प्रमाणपत्र नाकारलं होतं. अलीकडच्या वर्षांत मात्र त्याच प्रयोगशाळेच्या चाचण्यांत विंडोजचा डिफेंडर नामवंत विकत्या अँटिव्हायरसच्या बरोबरीने पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गुण मिळवत आला आहे. वरच्या फळीतल्या कंपन्यांमध्ये पकडण्याच्या क्षमतेचा फरक आता इतका कमी उरला आहे, की घरच्या वापरात तो जाणवणार नाही. विकण्याजोगा फरक उरत नाही, तेव्हा विक्रीसाठी दुसरं काहीतरी लागतं.

ते दुसरं काय, हे समजून घेण्याआधी अँटिव्हायरसला आपण काय देऊन बसतो ते पाहायला हवं. उघडणारी प्रत्येक फाइल तो आधी तपासतो, आपण कोणत्या वेबसाइटवर जातो ते बघू शकतो, इतर प्रोग्राम थांबवू किंवा पुसू शकतो. एवढे अधिकार घरातल्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या क्वचितच कोणत्या प्रोग्रामला असतात. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअफीच्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीमधली ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून बाजूला काढली, आणि जगभरातले असंख्य कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा आपोआप बंद-चालू होत राहिले. ती चूक होती आणि कंपनीने ती मान्य केली. पण हेच अधिकार जाणूनबुजून वापरले तर काय होतं, हे अवास्टच्या प्रकरणात दिसलं, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत अस्वस्थ करणारं प्रकरण तेच आहे. ऑनलाइन पाळत ठेवणाऱ्यांना आम्ही रोखतो, असं सांगितल्यामुळे लोकांनी बसवून घेतलेला हा अँटिव्हायरस आणि त्याची ब्राउझर एक्स्टेन्शनं लोकांच्या इंटरनेट वापराची नोंद गोळा करत होती. ती नोंद जम्पशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत शंभराहून अधिक कंपन्यांना विकली गेली. कोणत्या आजाराची माहिती शोधली, कोणत्या धार्मिक वा राजकीय विषयाची पानं उघडली, हे सगळं त्यात येऊ शकत होतं. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी हे उघड केल्यावर जम्पशॉट बंद झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि अशी माहिती जाहिरातींसाठी विकायला मनाई केली. ज्यांची माहिती विकली गेली त्यांच्यापैकी कुणाच्याही स्क्रीनवर या सगळ्या काळात धोक्याची एकही लाल खूण उमटली नसणार, कारण ती उमटवायचं काम ज्याचं, तोच हे करत होता.

विक्रीसाठी लागणारं ते दुसरं काहीतरी म्हणजे भीती. ती विकण्याचं उघड उदाहरण अमेरिकेतल्या ऑफिस डेपो या दुकानसाखळीचं. मोफत ‘आरोग्य तपासणी’साठी कॉम्प्युटर आणलेल्या ग्राहकाला आधी चार प्रश्न विचारले जात: मशिन संथ चालतं का, वारंवार बंद पडतं का, अशा धर्तीचे. त्यांतल्या एकाला जरी होकार आला, की तपासणीचा निकाल ‘व्हायरसची लक्षणं आढळली’ असा निघे, प्रत्यक्ष तपासणीत काही सापडो वा न सापडो. मग शेकडो डॉलरची दुरुस्ती गळ्यात पडे. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम या कंपन्यांनी मिळून ३ कोटी ५० लाख डॉलर भरून हे प्रकरण मिटवलं. हा सौदा कित्येक वर्षं चालू शकला, कारण ग्राहकाला निकाल पडताळण्याची सोय नव्हती. रिन्युअलची कहाणीही याच जातीची. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने नॉर्टनवाल्या सिमँटेक आणि मॅकअफी यांच्याकडून प्रत्येकी ३ लाख ७५ हजार डॉलर वसूल केले. ग्राहकाला नीट न सांगता कार्डावरून रिन्युअलचे पैसे कापण्याचा तो मामला होता. बारा वर्षांनी, २०२१ मध्ये, ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाला मॅकअफी आणि नॉर्टन यांच्याकडून पुन्हा जवळपास त्याच गोष्टींची हमी लिहून घ्यावी लागली: आपोआप रिन्युअल स्पष्ट सांगा, पुढच्या वर्षीची किंमत जास्त असेल तर लपवू नका, नको असलेल्याला उरलेल्या मुदतीचे पैसे परत द्या.

‘पण व्हायरस खरेच असतात ना? रॅन्समवेअरने फायली कुलूपबंद होतात, त्याचं काय?’ असं कुणी विचारेल, आणि तो प्रश्न गंभीरपणेच घ्यायला हवा. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने जगभर हाहाकार केला. पण ज्या भगदाडातून तो मशिनमागून मशिनमध्ये शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेला होता. तो घेतलेल्यांसाठी हा रस्ता बंद झाला होता. पण आपल्याकडे अनेक घरांत विंडोजची चोरटी प्रत चालते. ‘पकडली जाईल’ या भीतीने अपडेट बंद ठेवले जातात. फुकटात हवं असलेलं सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून मिळवताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते, आणि ती लोक निमूटपणे पाळतात. अशा घरात महागडा अँटिव्हायरस बसवला तरी त्याचा उपयोग किती? कुलूपबंद झालेल्या फायलींवर भरवशाचा उपाय एकच, त्यांची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून ती डिस्क कॉम्प्युटरपासून सोडवून ठेवणं. दोन-तीन वर्षांच्या रिन्युअलच्या पैशांत अशी डिस्क येऊ शकते. आणि आज मराठी घरांतून पुष्कळ पैसा जातो, तो ओटीपी विचारून, वीज तोडण्याची भीती घालून, ‘डिजिटल अरेस्ट’चा बनाव करून किंवा स्क्रीन दाखवायला लावणारं ॲप बसवून घेऊन. हे ॲप स्वतः व्हायरस नसतं आणि मालकाने ते आपल्या हाताने बसवलेलं असतं, म्हणून अँटिव्हायरस सहसा त्याला अडवत नाही. इथे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा हेल्पलाइन क्रमांक ताबडतोब फिरवणं जास्त कामाचं.

या फसवणुकीत आणि अँटिव्हायरसच्या सूचनांत एक नातं आहे, आणि त्याची चर्चा व्हायला हवी. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले, या क्रमांकावर लगेच फोन करा’ अशी खोटी खिडकी उघडून लुबाडणाऱ्या टोळ्या परदेशातल्या वृद्धांना लक्ष्य करतात. त्यांतल्या कित्येक भारतातल्या कॉल सेंटरमधून चालतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून सीबीआयने अनेक ठिकाणी छापे घातले होते. नामवंत अँटिव्हायरसच्या नावाने ‘रिन्युअल झालं, रद्द करायचं तर फोन करा’ असे बनावट बिलाचे ईमेलही येतात. लोक त्यांना का बळी पडतात? लाल रंग, उलटगणती, ‘तुम्ही असुरक्षित आहात’ ही वाक्यं त्यांनी खऱ्या कंपन्यांच्या खिडक्यांत वर्षानुवर्षं पाहिलेली असतात. मुदत संपत आल्याची आठवण जी कंपनी धोक्याच्या इशाऱ्यासारखी सजवते, ती खऱ्या आणि खोट्या इशाऱ्यातला फरक ओळखण्याची ग्राहकाची नजर बोथट करते. हे नुकसान कोणत्याच चाचणीत मोजलं जात नाही.

‘मग सगळं मायक्रोसॉफ्टच्या हाती सोपवायचं का?’ हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. विंडोजही स्वतःच्या सेवांच्या जाहिराती खिडकीत आणून दाखवतो, आणि बाजारात प्रतिस्पर्धी नसते तर त्याचा अँटिव्हायरस इतका सुधारला असता का, याची शंका वाटते. पण आपल्या घरच्या मशिनसाठी निर्णय घेताना स्पर्धा जिवंत ठेवण्याची जबाबदारी एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या पेन्शनवर टाकणं मला पटत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विकतच्या अँटिव्हायरसबरोबर माणूस मिळतो. गावातला दुकानदार घरी येऊन बसवून देतो, अडलं तर फोनवर मराठीत सांगतो, मुलांच्या वापरावर लक्ष ठेवण्याची सोय मिळते. ही किंमत खरी आहे, आणि ज्यांना ती हवी त्यांनी जरूर मोजावी. मात्र आपण तेव्हा सेवेचे पैसे देतो आहोत हे माहीत असावं. ‘पॅक संपला, आता मशिन उघडं पडलं’ हे सांगणं बहुधा खरं नसतं. दुसरा अँटिव्हायरस काढून टाकला की विंडोजचा आपला आपोआप सुरू होतो. विंडोज १० च्या बाबतीत मात्र उलटी सावधगिरी हवी. त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांनी वाढीव मुदतीच्या सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केलेली नाही, त्यांच्या विंडोजमध्ये यापुढे सापडणारी भगदाडं कोणताही अँटिव्हायरस बुजवू शकत नाही, मग पॅकवर काहीही छापलेलं असो.

भारतातला ग्राहक आज कायद्याने पूर्वीइतका निराधार नाही. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून ठरावीक मुदतीने आपोआप पैसे कापायचे असतील, तर किमान २४ तास आधी कळवावं लागतं आणि ग्राहकाला ते थांबवता येतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन फसव्या मांडणीचे १३ प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. वर्गणीचा सापळा, खोटी घाई आणि ‘तुमच्या मशिनमध्ये व्हायरस आहे’ असं खोटं सांगून पैसे उकळणं हे तिन्ही त्या यादीत आहेत. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन क्रमांक आहे. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून मशिन साफ करण्याची साधनं मोफत देतं, हेही फार थोड्यांना ठाऊक आहे. उणीव राहते ती पारखण्याच्या साधनाची. एव्ही-टेस्ट तीन गोष्टींना गुण देते: संरक्षण किती, मशिनवर भार किती, खोटे इशारे किती. त्यात चौथा रकाना यायला हवा: पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या किमतीतला फरक, धोक्याशी संबंध नसलेल्या सूचना महिन्याला किती, रिन्युअल रद्द करायला किती पायऱ्या, आणि मशिनमधून कोणती माहिती कुणाकडे जाते. हे चारही आकडे मोजता येण्याजोगे आहेत, त्यांना व्हायरसच्या नमुन्यांचा साठा लागत नाही. आपल्याकडच्या ग्राहक संघटना आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांचे कॉम्प्युटर विभाग मिळून ते दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करू शकतील.