प्रौढांतील टॉन्सिल शस्त्रकर्म : पद्धती, पश्चात वेदना आणि वैद्यांचे कर्तव्य

कामरगावसारख्या गावात टॉन्सिलचे शस्त्रकर्म होत नाही. रुग्ण अकोला वा अमरावती गाठतो, एक-दोन दिवसांत घरी परततो आणि पुढील पंधरवड्याचा सारा काळ आपल्या गावच्या वैद्याच्या व औषध दुकानदाराच्या छायेत काढतो. म्हणूनच हे शस्त्रकर्म आपण करीत नसलो तरी त्याचे ज्ञान आपल्याला असणे अगत्याचे आहे.

सुश्रुताचार्यांनी तुण्डिकेरीचा समावेश तालुगत रोगांत केला. वाग्भटांनी ती कंठात, हनुसंधीच्या आश्रयाने होणारी, कापसाच्या फळासारखी सांगितली आहे. वऱ्हाडातील वाचकाला ही उपमा वेगळी उलगडून सांगावी लागत नाही. गलशुण्डिकेच्या छेदनात अतिछेदाने रक्तस्राव होऊन प्राणसंकट ओढवते व हीनछेदाने शोथादी उपद्रव राहतात, असा इशाराही सुश्रुतांनी दिला आहे. कंठातील शस्त्रकर्माची मुख्य भीती रक्तस्रावाचीच, ही गोष्ट आजही बदललेली नाही.

शस्त्रकर्म कोणासाठी?

एका वर्षात ७, सलग दोन वर्षे दरवर्षी ५ किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी ३ तीव्र आक्रमणे, हा निकष सर्वसाधारणपणे मानला जातो. ब्रिटनमधील २७ रुग्णालयांत ४५३ प्रौढांवर झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन वर्षांच्या काळात घसादुखीचे दिवस शस्त्रकर्म केलेल्या गटात मध्यमानाने २३, तर औषधोपचारावर ठेवलेल्या गटात ३० आढळले. लाभ आहे, परंतु त्याची किंमतही रुग्णाला मोजावी लागते, हे त्याला आधीच सांगावे. एक अपवाद मात्र स्पष्ट आहे. खर्रा-तंबाखू खाणाऱ्या प्रौढात एकाच बाजूचा टॉन्सिल वाढलेला वा व्रणयुक्त दिसल्यास काढे-गुटिका देत थांबू नये. कर्करोगाच्या शंकेने त्याला तत्काळ तज्ज्ञाकडे पाठवावे.

पद्धती

पहिली पद्धत शीत विच्छेदनाची. यात कात्री, विच्छेदक व तारेचा फास वापरून टॉन्सिल त्याच्या आवरणासह वेगळा करतात. शस्त्रकर्मावेळी रक्त अधिक जाते, पण ऊतींना उष्णतेची इजा होत नाही. दुसरी विद्युत्दहनाची. हिने रक्त तत्काळ थांबते, मात्र उष्णता खोलवर पोहोचल्याने नंतरची वेदना वाढते. ब्रिटनमध्ये २००३-०४ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत उष्ण पद्धतींनंतर पश्चात रक्तस्राव अधिक आढळला होता. तिसरी कोब्लेशन. यात क्षारजलातून रेडिओ लहरी सोडून सुमारे ४० ते ७० अंश सेल्सिअस तापमानात ऊती विरघळवतात. पहिल्या काही दिवसांत वेदना थोडी कमी असू शकते, परंतु उपकरणाचा खर्च मोठा असतो. चौथ्या पद्धतीत आवरण शिल्लक ठेवून आतील भागच काढतात. स्नायू उघडे पडत नसल्याने वेदना कमी होते, मात्र उरलेली ऊती पुन्हा वाढण्याची शक्यता राहते.

वेदनेचा क्रम

प्रौढांत वारंवारच्या शोथाने आवरण व स्नायू यांच्यामध्ये तंतुमय चिकटपणा आलेला असतो. त्यामुळे विच्छेदन कठीण होते आणि वेदना बालकांहून तीव्र असते. व्रण टाके न घालता उघडाच भरून येतो. वेदना १० ते १४ दिवस राहते आणि तिचा क्रम सरळ उताराचा नसतो. चौथ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास ती पुन्हा उसळते. कर्णशूलही होतो, कारण घसा व मध्यकर्ण या दोहोंना नवव्या शीर्षनाडीच्या शाखा जातात. तो बहुधा कर्णरोग नसतो.

आमच्या एका शेतकरी रुग्णाने पाचव्या दिवशी दुखणे वाढल्याचे कळविले. घशात पांढरा थर दिसत होता. तो पूय असावा, अशी आमचीही प्रथम समजूत झाली आणि आम्ही त्यास कोष्ण जलाचे गंडूष सांगितले. घरच्यांनी डोकेदुखीसाठी अ‍ॅस्पिरिनची गोळीही दिली. सातव्या रात्री तोंडातून ताजे रक्त आले. वाहन मिळून तो वेळेत रुग्णालयात पोहोचला व बचावला. तो थर पूय नव्हता, व्रणाचे स्वाभाविक आवरण होते. हे आवरण गळून पडण्याच्या काळातच, बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवशी, पश्चात रक्तस्राव होतो. आमच्या सल्ल्यानेच रक्तस्राव झाला, हे सिद्ध करता येणार नाही. तथापि तो सल्ला चुकीचा होता, हे मान्य करणे आम्ही कर्तव्य समजतो.

आपण काय करावे?

१) वेदनाशामक दुखल्यावर नव्हे, तर शल्यतज्ज्ञाने ठरविलेल्या वेळी नियमित घ्यावयास सांगावे. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. प्रौढाची दिवसाची एकूण मात्रा ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये, याकडे औषध दुकानदारांनी लक्ष द्यावे. अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

२) जोराचे गंडूष, क्षार-प्रतिसारण व घर्षण या काळात वर्ज्य. हे उपाय शोथावस्थेतील टॉन्सिलसाठी आहेत, ताज्या व्रणासाठी नाहीत.

३) पाणी भरपूर द्यावे. गिळणे थांबले की घसा कोरडा पडतो, स्नायू आखडतात व वेदना वाढते. मऊ भात, पेज, थंड दूध चालते. झणझणीत रस्सा व कडक भाकरी टाळावी.

४) मधाने वेदना कमी होते, असे काही अभ्यासांत आढळले आहे. मधुमेही नसल्यास शल्यतज्ज्ञाला विचारून तो द्यावा. यष्टिमधु दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढू शकतो, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णात सावध राहावे.

५) ताजे लाल रक्त थोडे आले तरी चूर्ण लावून वाट पाहू नये. रुग्णास बसते ठेवावे, रक्त गिळू न देता थुंकावयास सांगावे, तोंडाने काही देऊ नये व त्वरित रुग्णालयात न्यावे. वाहनाची सोय पहिल्याच दिवशी ठरवून ठेवावी.

शस्त्र दुसऱ्याच्या हाती असले, तरी व्रण भरून येण्याचे दिवस आपल्या गावात जातात. त्या दिवसांत काय करावे याबरोबरच काय करू नये, हेही रुग्णाला लिहून द्यावे, अशी सर्व वैद्यबंधु-भगिनींना व औषध विक्रेत्यांना आमची विनंती आहे.