लहरींचे बांध

सायंकाळी अभ्यासिकेत साठ विद्यार्थी एकाच वेळी मोठ्याने पाठांतर करू लागले, तर शेजारी बसलेल्याचेही शब्द कळेनासे होतात. अवकाशातून मात्र अनेक केंद्रांचे आवाज एकत्र प्रवास करीत असतात आणि आपला रेडिओ त्यांतील नेमका एक ऐकवतो. हे कसे साधते, ते आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

केंद्राची लहर एका सेकंदात जितकी आवर्तने करते, ती तिची वारंवारिता. मुंबईत एका केंद्राला 92.7, दुसऱ्याला 93.5, तर तिसऱ्याला 94.3 मेगाहर्ट्झ अशी जागा नेमून दिलेली आहे. रेडिओतील मंडल आपण ज्या वारंवारितेशी जुळवतो, तिलाच ते जोरकस प्रतिसाद देते. इतर लहरी अँटेनापर्यंत येऊनही मागे पडतात.

मग दोन केंद्रांत 0.8 मेगाहर्ट्झचे अंतर कशासाठी? लहरीवर बोलणे वा संगीत चढवले की ती दोन्ही बाजूंना पसरते. म्हणून प्रत्येकाला एक रेषा नव्हे, तर एक पट्टा द्यावा लागतो आणि दोन पट्ट्यांमध्ये मोकळी जागा सोडावी लागते. शेतकऱ्याला हे समजावावे लागत नाही. बांधावर पीक येत नाही. तरीही बांध कोरला की दोन्ही शेतांत भांडण उगवते.

बांध नसल्याची किंमत 14 एप्रिल 1912 च्या रात्री दिसली. त्या काळची ठिणगीवर चालणारी बिनतारी यंत्रे फार रुंद पट्टा व्यापीत. जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाने हिमाची सूचना पाठवली, तेव्हा दूरच्या केप रेस केंद्राशी चाललेल्या ‘टायटॅनिक’च्या संदेशवहनात व्यत्यय आला. ‘टायटॅनिक’च्या यंत्रचालकाने त्याला गप्प राहण्यास बजावले. काही वेळाने ‘कॅलिफोर्नियन’चा यंत्रचालक यंत्र बंद करून झोपी गेला, नंतरची मदतीची हाक त्याने ऐकलीच नाही. सुमारे 1500 माणसे गेली. कारणे अनेक होती. परंतु त्याच वर्षी अमेरिकेने बिनतारी केंद्रांना परवाना आणि तरंगलांबीचे नियम लावणारा कायदा केला.

भ्रमणध्वनीनेही हाच धडा गिरवला. जीएसएम पद्धतीत मोबाईलकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या 25 मेगाहर्ट्झच्या मूळ पट्ट्यात 200 किलोहर्ट्झचे 125 वाटे पडू शकतात. वापरात येतात 124. एका वाट्याएवढी जागा सीमेवर मोकळी राहते. शिवाय प्रत्येक वाट्यात आठ जण आळीपाळीने, म्हणजे वेळ वाटून घेऊन बोलतात.

लहरींचे शेत वाढवता येत नाही, ते केवळ नीट वाटता येते. मधली मोकळी पट्टी वाया गेली, असे आमच्या विद्यार्थ्यांनी कधी समजू नये. बलवान आवाजाला तिथे थांबावे लागते, म्हणूनच दुबळा आवाजही ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतो.