कचऱ्याच्या गाडीवरचा बाप रंगमंचावर येतो तेव्हा

अमेरिकेतील पिट्सबर्ग हे पोलादाच्या कारखान्यांचे शहर. साल १९५७. ट्रॉय मॅक्सन हा तिथल्या कचऱ्याच्या गाडीवरचा कामगार. गाडी चालवणारे सगळे गोरे आणि मागे डबे उचलणारे सगळे काळे. एक दिवस ट्रॉय साहेबाला विचारतो, असे का? काळ्या माणसाला गाडी चालवता येत नाही काय? नोकरी जाईल म्हणून त्याचा जिवलग मित्र घाबरतो. पण ट्रॉय तक्रार युनियनपर्यंत नेतो आणि अखेर पहिला काळा ड्रायव्हर होतो. गंमत अशी की, त्याच्याकडे गाडी चालवण्याचे लायसन्सही नसते!

कामावर अन्यायाशी भिडणारा हा बाप घरात मात्र वेगळाच आहे. त्याच्या धाकट्या मुलाला, कोरीला, फुटबॉलच्या जोरावर कॉलेजात जाण्याची संधी चालून येते. बाप सही करायला नकार देतो. तो स्वतः तरुणपणी बेसबॉलचा नावाजलेला खेळाडू होता. पण गोऱ्यांच्या मोठ्या संघांचे दार काळ्यांसाठी उघडले, तोवर त्याचे वय निघून गेले होते. खेळाने आपल्याला फसवले, तसे मुलालाही फसवील, त्यापेक्षा त्याने हातात एखादा धंदा धरावा, हा त्याचा हट्ट. मुलगा एकदा धीर करून विचारतो की, मी तुम्हाला आवडत का नाही? बाप प्रेमाचे नावही काढत नाही. तो पोटाला अन्न, अंगावर कपडा आणि डोक्यावर छप्पर यांचा हिशेब मांडतो. हे सारे आपले कर्तव्य आहे, असे बजावतो.

वाचक हो, हा प्रसंग आहे ‘फेन्सेस’, म्हणजे ‘कुंपणे’, या नाटकातला. १९८७ साली ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आले आणि त्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. नाटककार ऑगस्ट विल्सन. आज अमेरिकेत हे नाटक अभिजात मानले जाते. पण आम्हाला सांगायचे आहे ते पुढचेच. ही नाटके घेऊन रंगकर्मी शाळेतल्या मुलांजवळ जाऊन बसले, त्याची ही हकिकत आहे. ती समजण्यासाठी आधी विल्सनची स्वतःची शाळा पाहिली पाहिजे.

विल्सनचा जन्म १९४५ चा, पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या काळ्यांच्या वस्तीतला. आई डेझी लोकांच्या घरी साफसफाईची कामे करी. किराणा दुकानामागच्या लहानशा जागेत ती सहा मुलांना वाढवत होती. बाप जर्मन वंशाचा गोरा, पण तो फारसा घरी नसेच. आईने या पोराला चार वर्षांचा असतानाच वाचायला शिकवले. पंधराव्या वर्षी त्याने नेपोलियनवर वीस पानांचा निबंध लिहिला. शिक्षकांना तो खरा वाटेना. तू स्वतः लिहिलास हे सिद्ध कर, असे त्याला सांगण्यात आले. स्वाभिमानी पोराने निबंध टोपलीत टाकला आणि शाळा सोडली. पुढचे काही दिवस तो मुख्याध्यापकांच्या खिडकीखाली बास्केटबॉल खेळत राहिला. कोणीतरी बाहेर येईल आणि वर्गात का नाहीस म्हणून विचारील, एवढीच त्याची आशा होती.

कोणीही आले नाही.

घरी आईला कळू न देता तो रोज सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसू लागला. काळ्या लेखकांची पुस्तके त्याला तिथे भेटली. उरलेले शिक्षण त्याने वस्तीतच घेतले. सिगारच्या दुकानात जमणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गप्पा तो तासन्‌तास ऐकत बसे. पुढे नाटक लिहू लागला तेव्हा मात्र संवाद जमेनात. कारण वस्तीची बोली नाटकात शोभणार नाही, असे त्यालाही वाटत होते! पात्रांना बोलते कसे करायचे, असे त्याने आपला कविमित्र रॉब पेनी याला विचारले. पेनीचे म्हणणे असे की, त्यांना बोलते करायचे नसते, त्यांचे ऐकायचे असते. विल्सनला हे उमगायला काही वर्षे लागली. उमगले तेव्हा कचरा उचलणारे, टॅक्सी चालवणारे, खाणावळीत राबणारे लोक आपल्याच बोलीत बोलत त्याच्या नाटकात आले.

विसाव्या शतकातील प्रत्येक दशकासाठी एक, अशी दहा नाटके त्याने लिहिली. त्यांतील नऊ त्याच हिल डिस्ट्रिक्टमध्ये घडतात. १९९० मध्ये ‘द पियानो लेसन’ या नाटकाला दुसरे पुलित्झर मिळाले. ज्या वाचनालयात तो शिकला, त्या पिट्सबर्गच्या कार्नेगी वाचनालयाने त्याला शालान्त पदविका देऊन गौरवले. २ ऑक्टोबर २००५ रोजी त्याचे निधन झाले. त्याच महिन्यात ब्रॉडवेवरील एका नाट्यगृहाला त्याचे नाव देण्यात आले. कृष्णवर्णीय माणसाचे नाव मिळालेले ब्रॉडवेवरचे हे पहिले नाट्यगृह.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. विल्सनबरोबर काम केलेले दिग्दर्शक केनी लिऑन आणि टॉड क्रायडलर यांनी अटलांटा शहरात २००७ साली हायस्कूलच्या मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली. दहापैकी कोणत्याही नाटकातील दोन-तीन मिनिटांचे एक भाषण मुलाने पाठ करून सादर करायचे. पुढे ही स्पर्धा शिकागो, बोस्टन, लॉस एंजेलिस, पिट्सबर्ग अशा अनेक शहरांत पसरली. अंतिम फेरी न्यूयॉर्कला, विल्सनचे नाव असलेल्या त्याच नाट्यगृहाच्या रंगमंचावर होऊ लागली.

पण अशा उपक्रमाचे खरे मोल बक्षिसात नसते, तयारीत असते. पाठांतर आठ दिवसांत होते, पण ते काही नाटक नव्हे. मुलाने ट्रॉयचे भाषण निवडले तर रंगकर्मी त्याला नटासारखेच प्रश्न विचारणार. तू हे कोणाला सांगतो आहेस? समोरच्याकडून तुला काय हवे आहे? हे आजच का बोलावे लागले, काल का नाही? मग चर्चा आपोआप पुढे जाते. बाप चुकला की दिवस वाईट होते? की दोन्ही? आई रोझ अठरा वर्षे हा संसार ओढते आहे, तिने स्वतःच्या इच्छा कुठे ठेवल्या? या प्रश्नांची उत्तरे गाइडमध्ये मिळत नाहीत. ती मुलाला आपल्या घरात शोधावी लागतात. आणि शोधता शोधता कामावरून थकून आलेला आपला बाप त्याला नव्याने दिसू लागतो.

२०२० साली या स्पर्धेवर ‘गिव्हिंग व्हॉइस’ हा माहितीपट निघाला. त्याच्या निर्मितीला हातभार लावणाऱ्यांत अभिनेत्री व्हायोला डेव्हिस होती. ती स्वतः उपाशीपोटी शाळेत गेलेली मुलगी. याच नाटकातील रोझची भूमिका तिने २०१० मध्ये रंगमंचावर केली आणि टोनी पारितोषिक मिळवले. त्यावरच्या चित्रपटासाठी तिला २०१७ मध्ये ऑस्कर मिळाले.

अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले, ते तिथल्या ब्लॅक पँथरवरूनच. तेव्हा ही हकिकत आपल्या घरातही वाचली जावी. आपल्याही घरांतून सफाई खात्यात, गिरणीत, गोदीत राबलेले बाप आहेत. त्यांची कहाणी नाटकाच्या तोडीची आहे, हे मुलाला कोणीतरी सांगावे लागते.

विल्सनचे ते बालपणीचे घर २०२२ मध्ये दुरुस्त करून कलाकेंद्र म्हणून उघडण्यात आले. खिडकीखाली चेंडू आपटत वाट पाहणाऱ्या त्या पोराला कोणी विचारले नव्हते. त्याची नाटके घेऊन रंगकर्मी मात्र शाळेत गेले आणि मुलांना विचारू लागले. आज रात्री जेवण झाल्यावर आपणही आपल्या मुलाला जवळ बसवून एवढेच विचारू या, तुला काय म्हणायचे आहे? आणि मग मध्ये न बोलता ऐकू या.