फुलाचा प्रिंट भिंतीवर लावण्याआधी विचारायचे चार प्रश्न

(हे या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आज बोलूया घरातल्या भिंतीबद्दल. रंगकाम झालं की एक भिंत रिकामी दिसायला लागते आणि मग शोध सुरू होतो. फुलांचे फोटो त्यात पहिल्या पसंतीचे. पण एकाच आकाराचा प्रिंट कुठे काही शेकड्यांत मिळतो, कुठे काही हजारांत, आणि दोन्हींवर लिहिलेलं असतं 'फाइन आर्ट प्रिंट'. मग फरक नेमका कशात आहे?

आधी एक लक्षात घ्या. हापूसला भौगोलिक मानांकन आहे, तसं 'फाइन आर्ट' या शब्दाला काहीही नाही. तो कुणीही छापू शकतो. 'जिक्ले' हा शब्द ऐकला असेल. तो १९९१ मध्ये जॅक डुगन या अमेरिकन छपाई-तज्ज्ञाने वापरात आणला. त्याचा साधा अर्थ इंकजेट प्रिंट एवढाच. म्हणून नावावर जाऊ नका, चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : शाई कोणती?

इंकजेटच्या शाया ढोबळमानाने दोन प्रकारच्या. डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो. पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात. उजेड आणि दमटपणा यांच्यापुढे पिगमेंट जास्त तग धरते. डाय शाईचा प्रिंट पहिल्या दिवशी झकास दिसतो, पण उजेडाच्या भिंतीवर तो लवकर फिका पडतो. भिंतीसाठी घेताय तर पिगमेंटच मागा. आणि 'शंभर वर्षं टिकेल' असं कुणी सांगितलं, तर असे आकडे प्रयोगशाळेत प्रखर उजेडाखाली चाचणी करून, ठराविक परिस्थिती गृहीत धरून काढतात हे ध्यानात ठेवा. तुमच्या खिडकीसमोरची भिंत त्यात नसते.

दुसरा प्रश्न : कागद कोणता?

स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन नीट काढलेलं नसेल, तर जुन्या वर्तमानपत्रासारखा तो पिवळा पडतो. चांगल्या प्रिंटसाठी आम्लमुक्त कागद लागतो, बहुतेकदा कापसाचा, साधारण ३०० जीएसएम जाडीचा. कागद खूपच पांढराशुभ्र असेल, तर त्यात चमक आणणारी रसायनं आहेत का तेही विचारा. त्यांचा परिणाम काळानुसार ओसरतो आणि कागद पिवळसर दिसू लागतो.

आता फुलाप्रमाणे कागद निवडायचा. प्राजक्त, मोगरा, अनंत अशा पांढऱ्या, नाजूक फुलांना मॅट कापशी कागद शोभतो. गडद पार्श्वभूमीवरचं लालभडक जास्वंद असेल, तर किंचित चमक असलेला बरायटा कागद घ्या. मॅटवर काळा रंग तेवढा खोल उतरत नाही.

तिसरा प्रश्न : टेस्ट प्रिंट दाखवाल का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. आपलं कास पठार घ्या. सीतेची आसवं, तेरडा, आणि काही वर्षांतून एकदाच एकदम बहरणारी कारवी. यातले निळे-जांभळे आणि गडद गुलाबी रंग छापायला सगळ्यांत अवघड. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड टाकतो, कागद फक्त पडलेला उजेड परत पाठवतो. त्यामुळे पडद्यावरचे काही तेजस्वी जांभळे रंग शाईच्या आवाक्यातच नसतात. नीट काम करणारा माणूस त्या कागदाच्या प्रोफाइलप्रमाणे रंग जुळवतो आणि आधी छोटा तुकडा छापून बघतो. तो तुकडा दिवसाच्या उजेडात बघा.

स्वतःचाच फोटो छापायचा असेल, तर गणित सोपं आहे. जवळून बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल, थोड्या अंतरावरून बघायच्या प्रिंटला २०० पुरतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० बाय ३००० पिक्सेल. २०० ने भागलं की आलं २० बाय १५ इंच. म्हणजे मोबाइलवरचा चांगला फोटोही दिवाणखान्यात लागू शकतो. फक्त मूळ फाइल द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला फोटो बहुधा आकसलेला असतो.

चौथा प्रश्न : फ्रेम कशी करणार?

आपल्याकडचे प्रिंट वाया जातात ते बरेचदा इथे. प्रिंट थेट काचेला टेकला, तर पावसाळ्यात दमटपणामुळे तो काचेला चिकटतो. सोडवायला गेलं की शाईचा थरच निघतो. म्हणून मधे माउंट हवा, तोही आम्लमुक्त. मागे साधा पुठ्ठा किंवा एमडीएफ थेट प्रिंटला लागू देऊ नका. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावून घ्या. भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळती राहते आणि बुरशीला आळा बसतो. पावसाचा मारा झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर, किंवा जिथे एकदा ओल आली आहे तिथे, महागडा प्रिंट लावूच नका.

एका श्रोत्याचा प्रश्न : '३/२५' म्हणजे काय?

पंचविसातला तिसरा प्रिंट. पण ते पंचवीस फक्त या आकाराचे की सगळे आकार धरून, हे विचारून घ्या. किंमत त्यावर ठरते.

आणि कलेचं काय?

तेही सांगतो. १९२५ मध्ये इमोजेन कनिंगहॅम या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी मॅग्नोलियाच्या फुलाचा जवळून फोटो काढला, तोही कृष्णधवल. मुलं लहान, घराबाहेर पडणं अवघड, म्हणून बागेतलीच झाडं त्यांनी टिपली. जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्ड विद्यार्थ्यांना नक्षीकाम शिकवण्यासाठी कळ्या आणि देठ कितीतरी पट मोठे करून दाखवायचे. त्यांचं पुस्तक १९२८ मध्ये आलं. दोघांच्याही फोटोंत रंग नाही, तरी नजर हटत नाही, कारण त्यात आकार दिसतो. तुमच्या निवडीलाही हीच कसोटी लावा. फोटो मनातल्या मनात कृष्णधवल करून बघा. तरीही बघावासा वाटला, तर तो भिंतीवर बरीच वर्षं टिकेल.

लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर ठेवतात. घरात बसणं दिवाणावर किंवा खाली असेल, तर थोडा खाली घ्या. खिळा ठोकण्याआधी वर्तमानपत्राचा तेवढाच तुकडा चिकटवून दोन दिवस बघा.

तुमच्या भिंतीवर कोणतं फूल आहे, ते जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात!