हातांत मावणारे चेहरे

तसबीर म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे माजघराच्या भिंतीवरची, चंदनी हार घातलेली चौकट येते. चेहरा टांगायचा तो बहुधा माणूस गेल्यावर. एकोणिसाव्या शतकातील युरोपात याच्या उलट एक प्रथा होती. तिचा परिचय करून घेण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

मोठे तैलचित्र हा तेथेही धनिकांचाच विषय. परंतु शिसपेन्सिलीने कागदावर काढलेली लहानशी रेखाकृती त्याहून पुष्कळ स्वस्त पडे. अँग्र हा फ्रेंच चित्रकार १८०६ साली रोमला गेला. १८१५ साली नेपोलियनचा पाडाव झाला, तेथील फ्रेंच आश्रयदाते पांगले, आणि पोटासाठी त्याला इंग्रज प्रवाशांच्या अशा रेखाकृती काढाव्या लागल्या. चेहरा बारकाईने रेखाटावा, कपडे मात्र सैल रेघांत उरकावेत, ही त्याची रीत. 'लहान चित्रे काढणारे गृहस्थ येथेच राहतात का?' असे कोणी दारात विचारले, तेव्हा येथे चित्रकार राहतो, असे त्याने तोऱ्यात सुनावले म्हणतात! त्याला कमीपणाची वाटणारी हीच चित्रे आज रसिक आदराने पाहतात.

या कागदांचे काम भिंत सजवण्याचे नव्हते. दूर जाणाऱ्याने मागे राहणाऱ्यास ते द्यावेत, मित्राने मित्राच्या वहीत ठेवावेत. सुखवस्तू घरांतील मुलींना चित्रकला शिकवीत. त्या भावंडांचे चेहरे काढीत. आपण कोणाचे, याचा तो दाखलाच असे. ज्यांना एवढेही परवडत नसे, ते काळ्या कागदातून चेहऱ्याची एका बाजूची छाया कापून घेत. पुढे १८५४ साली पॅरिसच्या दिस्देरीने भेटकार्डाएवढ्या छायाचित्रांचे पेटंट घेतले आणि ही देवघेव कॅमेऱ्याकडे गेली.

आपल्याकडे पाश्चात्त्य वळणाचे व्यक्तिचित्र आले ते दरबारातून. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात जेम्स वेल्सने सवाई माधवराव व नाना फडणीस यांना रंगवले. १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा निघाली. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले सावळाराम हळदणकर तेथेच शिकले. हाती दिवा घेतलेली त्यांची जलरंगातील स्त्री म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. तिच्यासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती. विद्या आली, घरोघर जिवंत माणसाचा चेहरा कागदावर धरून ठेवण्याची सवय मात्र आली नाही.

आणि गरज तर आमच्या या किनाऱ्याला केवढी होती! मालवणहून बोटीने मुंबईस गेलेल्या चाकरमान्याच्या घरी यायची ती मनिऑर्डर, आणि तिच्यावरच्या चार ओळी. त्याची तसबीर आली ती बहुधा सर्वांत शेवटी, कुठल्यातरी जुन्या फोटोवरून मोठी करून घेतलेली.