कुष्ठरोग प्रतिबंधक लस

मायकोबॅक्टिरियम लेप्री या सूक्ष्मजंतूमुळे होणाऱ्या कुष्ठरोगास प्रतिबंध करणारी लस. हा सूक्ष्मजंतू कृत्रिम संवर्धकात वाढत नाही व रोगाचा परिपाककाल कित्येक वर्षांचा असतो. त्यामुळे लसीची निर्मिती व कसोटी ही दोन्ही कार्ये कठीण आहेत. मिरज (सांगली जिल्हा) येथील रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयासारख्या संस्थांचा भर म्हणूनच उपचार व पुनर्वसन यांवर राहिला. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात बापट, कमल रणदिवे व खानोलकर यांनी रुग्णाच्या ऊतकापासून एक अम्लस्थायी सूक्ष्मजंतू संवर्धित केला (१९५८). एम. जी. देव यांनी पुढे त्यापासून मृत जंतूंची लस सिद्ध केली. तमिळनाडूतील तुलनात्मक चाचणीत (१९९८) तिने ६५.५%, तर बी.सी.जी. लसीने ३४.१% संरक्षण दिले. तथापि कुष्ठरोग नियंत्रणाची मुख्य भिस्त बहुविध औषधोपचारावरच राहिली.