पाणी बदलायचे तरी किती?

मैत्रिणींनो, घरात फिशटँक आणायचा हट्ट मुलांचा आणि बादल्या उचलायच्या आईने, हे घरोघरी चालतेच. आमच्याकडे २०१५ मध्ये धाकट्याच्या वाढदिवसाला दोन फुटी टँक आला. पन्नास लिटर पाणी, सहा मॉली आणि थोडे गप्पी. दुकानदाराने सांगितले होते, म्हणून दर रविवारी मी अर्धे पाणी काढून मोरीत ओतायची.

पुढच्या वर्षीचा उन्हाळा तुम्हालाही आठवत असेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. बचत गटाच्या कामासाठी मी त्र्यंबकेश्वरकडच्या एका पाड्यावर गेले होते. तिथल्या बाया आटलेल्या विहिरीतून वाटीवाटीने हंडा भरत होत्या. त्यातल्याच एकीने मला आधी तांब्या भरून दिला. तो गळ्याखाली उतरेना. घरी आल्यावर पंचवीस लिटर पाणी मोरीत ओतायला हात धजावला नाही. ठरवून टाकले, आता पाणी बदलायचेच नाही.

झाले भलतेच. महिनाभरात पाणी पिवळट झाले, वास येऊ लागला. मी घाबरून सगळेच पाणी काढले, खडे घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला आणि नळाचे ताजे पाणी भरले. दोन दिवसांत चार मासे गेले. मुलगा म्हणाला, “आई, तू तर स्वच्छ केलं होतंस ना?” मला उत्तर देता आले नाही.

उत्तर दिले ते कॉलनीतल्या केमिस्ट्रीच्या निवृत्त सरांनी. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी. स्पंजवर आणि खड्यांवर राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. मी ते जिवाणूच धुऊन टाकले होते, वर नळाच्या पाण्यातले क्लोरीन! नायट्रेट मात्र साठतच जाते. पाणी बदलायचे ते मुख्यतः त्याच्यासाठी.

तेच नायट्रेट धरून ठेवायला रेझिन मिळते. खसखस-राजगिऱ्याएवढे दाणे, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये स्पंजच्या पुढे ठेवायचे, म्हणजे गाळलेले पाणी त्यातून जाते. आपली बोहारीण जुने कपडे घेऊन भांडे देते ना, तसाच हा व्यवहार. दाणे पाण्यातले नायट्रेट घेतात आणि बदल्यात क्लोराइड, म्हणजे मिठातला अंश, सोडतात. (क्लोराइड म्हणजे क्लोरीन नव्हे हं!) १९३५ मध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी असे कृत्रिम रेझिन पहिल्यांदा तयार केले. ही अदलाबदल निसर्गातही चालते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात सह्याद्रीच्या खडकातली सुंदर झिओलाइट खनिजे पाहिली असतील. त्याच कुळातले क्लिनोप्टिलोलाइट टँकमधला अमोनिया धरून ठेवते.

बोहारणीची भांडी संपली की व्यवहार थांबतो, तसे रेझिनही भरते. मी आणते ते नायट्रेटचे रेझिन. लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम साधे खडे मीठ विरघळवून त्यात ते रात्रभर भिजवते, मग तीन-चार पाण्यांतून धुते. की पुन्हा तयार! पण प्रत्येक रेझिनची रीत वेगळी असते, पाकिटावरची सूचना वाचल्याशिवाय काही करू नका. ते खारट पाणी झाडांनाही घालू नका.

आता काही अनुभवाचे बोल. रेझिन आणले म्हणून मासे वाढवू नका, खाणेही जास्त टाकू नका. नवा टँक असेल तर जिवाणू जमायला चार-सहा आठवडे लागतात. ते काम हे रेझिन करत नाही. स्पंज नेहमी टँकमधूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळा. नळाच्या पाण्यासाठी दुकानात क्लोरीन घालवायचे औषध मिळते, ते वापरा. आणि पाणी बदलणे पूर्ण बंद करू नका. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी नुसती भर घालत राहिलो तर क्षार वाढत जातात, ते हे रेझिन काढत नाही. नायट्रेट मोजायचे किट मिळते. वीसच्या आत असेल तर निश्चिंत राहा, चाळीसच्या वर गेले तर बादली उचला.

माझ्याकडे आता तीन आठवड्यांतून एकदा बारा लिटर पाणी बदलावे लागते. पूर्वी महिन्याला शंभर लिटर जायचे, आता पंधरा-सोळा. तेही मोरीत जात नाही. नायट्रेट म्हणजे झाडांचे खतच, त्यामुळे माझा मोगरा नुसता डवरलाय. धाकटा आता कॉलेजात आहे. बादली तोच उचलतो आणि ओतण्याआधी किटमधला रंग मला दाखवतो.

पाड्यावरच्या त्या वहिनीला माझ्या वाचलेल्या पाण्याचा एक थेंबही मिळत नाही, हे मला कळते. पण तिच्या तांब्याची आठवण ठेवून नळ उघडायला काय हरकत आहे?